बाबांचं पोस्टपेड बिल दुपटीच्या वर गेलंय, मोठा प्लॅन घेऊ की सरळ प्रीपेडला नेऊ?

घोडबंदरची

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट सल्ला हवाय. माझे बाबा कोपरखैरण्याला एकटे असतात, मी ठाण्यात कासारवडवलीला. बाबांचा नंबर पोस्टपेड आहे, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग धागा "आमच्याकडे या" वर जातो. महिन्याचं भाडं ४५० आणि ५० जीबी डेटा. आता ५० जीबी बाबांना काय करायचाय, घरी ब्रॉडबँड आहे, बाहेर गेले की व्हॉट्सॲप आणि मॅप एवढंच, त्यामुळे दर महिन्याला बिल जीएसटी धरून ५३१ यायचं आणि ऑटोपेने कटायचं, कोणी बघायचंही नाही. या वेळी कटले १२०३ रुपये ६० पैसे!!

कॉल सेंटरला फोन केला तर तो मुलगा म्हणाला मॅडम यूसेज जास्त झालाय, तुम्ही पुढचा ६९९ चा प्लॅन घ्या म्हणजे असं होणार नाही. म्हणजे एका महिन्याच्या गडबडीसाठी मी दर महिन्याला अडीचशे जास्त द्यायचे? भाऊ म्हणतो प्रीपेड करून टाक. बाबांना प्रीपेड नकोय, त्यांचं म्हणणं रिचार्ज विसरला की फोन बंद, मग पेन्शनच्या बँकेचा ओटीपी कुठे येणार. तेही खरंच आहे म्हणा.

मागच्या महिन्यात त्यांच्या सेक्टरमध्ये रस्ता खणला होता आणि ब्रॉडबँडची केबल तुटली, आठवडाभराच्या वर नेट नव्हतं, तेव्हा त्यांनी मोबाईलच्या नेटवर काम भागवलं असं म्हणतात. पण तरी एवढं? माझे प्रश्न:

हे जास्तीचे पैसे नक्की कसे लागतात, आणि डेटा संपला की तो आपोआप थांबवायची सोय असते का? आणि ज्येष्ठ माणसासाठी, ज्याचा वापर एरवी कमी पण एखाद्या महिन्यात अचानक वाढतो, कुठल्या प्रकारचा प्लॅन बरा?

---

मिरचीवडा

प्रीपेड. विषय संपला.

प्रीपेडच्या बहुतेक प्लॅनमध्ये डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, पैसे कटत नाहीत. त्या स्पीडने १ एमबीचा फोटो यायला दोन मिनिटं लागतात त्यामुळे माणूस आपोआप शहाणा होतो. फारच अडलं तर वीस-पंचवीस रुपयांचं डेटा व्हाउचर मारायचं. आणि प्रीपेडची किंमत जीएसटी धरूनच असते, पोस्टपेडवाले ४५० सांगतात आणि ५३१ घेतात, हे लोकांना बिल आल्यावर कळतं.

ओटीपीचं टेन्शन असेल तर ३६५ दिवसांचा रिचार्ज मारा ना एकदाच. बाबांच्या वाढदिवसाला मारायचा, लक्षात राहतो.

---

पामबीच_सायकलवाला

मिरचीवडाभाऊ, एवढं सोपं नाहीये. ताईंच्या बाबांचा वापर बघा की, एरवी काहीच नाही आणि एका आठवड्यात धो धो. प्रीपेडचे बहुतेक प्लॅन रोज दीड जीबी, रोज दोन जीबी असे असतात. म्हणजे महापालिकेचं पाणी, रोज ठरलेल्या वेळेला येणार, भरलं नाहीत तर वाहून गेलं, उद्या जास्त मिळणार नाही. पोस्टपेड म्हणजे गच्चीवरची टाकी, महिनाभराचं पाणी एकदम, कधीही वापरा, पण संपली की टँकरचा भाव.

कागदावर रोज २ जीबी गुणिले २८ म्हणजे ५६ जीबी होतात आणि ते ५० पेक्षा जास्त दिसतात, पण ज्याला २५ दिवस २०० एमबी लागतो आणि तीन दिवस ८ जीबी लागतो त्याला नेमक्या त्या तीन दिवशी दोन जीबीवर अडकायला होतं. मी घरून काम करतो, माझी लाईट गेली की ब्रॉडबँड पण जातो, तेव्हा अख्खी शिफ्ट हॉटस्पॉटवर निघते, मला रोजच्या कोट्याचा प्लॅन चालूच शकत नाही. म्हणून मी पोस्टपेडवरच आहे आणि सुखात आहे, पण फोनमध्ये लिमिट लावून.

अर्थात बाबा शिफ्ट करत नाहीत हे मान्य. रोजची मर्यादा नसलेले, एकगठ्ठा डेटा देणारे प्रीपेड प्लॅन पण असतात, ते शोधा. जाहिरातीत पुढे नसतात, ॲपमध्ये खाली खाली स्क्रोल करावं लागतं.

---

मिरचीवडा

टँकरचा भाव हे भारी होतं. घोडबंदर रोडवाल्यांना बरोबर कळेल.

---

निवृत्त_जेटीओ

ताई, प्लॅनचं नंतर बघू. आधी बिलाची पीडीएफ उघडा, ॲपमधला आकडा नको, पूर्ण बिल. आमच्या टेलिफोन खात्यात ३० वर्षं हेच सांगत आलो, बिल वाचल्याशिवाय भांडायचं नाही.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच सांगतो. १२०३.६० मधून ५३१ वजा केले की ६७२.६० उरतात. त्यातला १८ टक्के जीएसटी काढला की ५७० रुपये. आता पोस्टपेडमध्ये कोटा संपल्यावर जो दर लागतो तो कंपनीप्रमाणे साधारण १० ते २० रुपये जीबी असतो. २० ने भागलं तर साडेअठ्ठावीस जीबी येतात. दर जर प्रति एमबी लावला असेल तर आकडा थोडा हलेल पण मला हा ५७० बघून असं वाटतंय की यात डेटाशिवाय अजून एखादी गोल रक्कम घुसलेली आहे, पन्नास किंवा सत्तर. बिलात "व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस" नावाची ओळ आहे का बघा. कॉलर ट्यून, क्रिकेट अलर्ट, राशिभविष्य, असलं काहीतरी.

ते असेल तर १५५२२३ या नंबरवर फोन करून बंद करता येतं, सगळ्या कंपन्यांना एकच नंबर आहे आणि तो टोल फ्री आहे. २०१३ पासून नियम असा आहे की अशी सेवा चालू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. बाबांनी दोनदा हो म्हटलेलं नसेल तर पैसे परत मागा, लाजू नका.

दुसरं, डेटा थांबवण्याबद्दल विचारलंत. ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, त्यासाठी १९२५ हा नंबर ठेवायला लावलाय, त्यावर इंग्रजीत स्टॉप असा एसएमएस केला की त्या नंबरचं मोबाईल इंटरनेट कंपनीकडूनच बंद होतं आणि स्टार्ट पाठवलं की चालू. फोनमधलं बटण चुकून दाबलं जातं, हे जात नाही. शिवाय पॅकमधला डेटा ५०, ९० आणि १०० टक्के झाला की कंपनीने मेसेज पाठवायचा असतो. बाबांच्या इनबॉक्समध्ये ते मेसेज असतीलच, पण दिवसाला जे पन्नास लोनचे मेसेज येतात त्यात ते कोण वाचतो. पोस्टपेडला क्रेडिट लिमिट पण असते. ती किती आहे ते बिलावर छापलेलं असतं, बाबांची कदाचित दोन-तीन हजार असेल, ती कमी करून मागा. हजारावर आणली तर बिल त्याच्या वर उधळायची शक्यता कमी, आणि ८० टक्क्याला सूचना यायला हवी.

तक्रार करायची तर १९८ ला करा, १२१ ला नाही, १२१ माहितीसाठी असतो. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. डॉकेट नंबर नसेल तर तुम्ही फोन केलाच नव्हता असं समजा.

---

घोडबंदरची

काका तुम्ही ज्योतिषी आहात का!! आत्ता पीडीएफ काढली. पासवर्ड लावलेली होती, बाबांना विचारून उघडली. त्यात:

भाडं ४५०
जास्तीचा डेटा २६ जीबी, ५२०
"इन्फोटेनमेंट" म्हणून ५०
आणि वर जीएसटी

बेरीज बरोबर १२०३.६० येते. म्हणजे ते ५० रुपये दुसरेच आहेत. बाबांना विचारलं तर म्हणाले मला क्रिकेटचे मेसेज येतात रोज, मला वाटलं फुकट असतील. मागची बिलं काढून बघितली तर त्यांत ही ओळ नाहीये, याच महिन्यात आलीय. १५५२२३ ला फोन केला, दोन मिनिटांत बंद झाली, कन्फर्मेशनचा मेसेज पण आला. रिफंडसाठी १९८ ला तक्रार टाकलीय, डॉकेट नंबर वहीत लिहिलाय.

आता उरला २६ जीबीचा प्रश्न. ५० अधिक २६ म्हणजे ७६ जीबी एका महिन्यात, तेही बाबांनी?? ते म्हणतात मी फक्त व्हॉट्सॲप बघतो.

---

ट्रान्सहार्बर

ताई, बाबा खोटं बोलत नाहीयेत. फोनवर ते व्हॉट्सॲपच बघत असणार. घरात टीव्ही कुठला आहे? स्मार्ट टीव्ही असेल आणि केबल तुटली त्या आठवड्यात कोणीतरी, शेजारचा पोरगा म्हणा, टीव्हीला बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट जोडून दिला असेल तर कोडं सुटलं.

हे मी रोज बघतो कारण माझं कामच आहे, रबाळ्याला एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे आणि घरून काम करणाऱ्यांच्या "माझा डेटा कुठे गेला" या तक्रारी माझ्याकडे येतात. मुद्दा असा आहे की हॉटस्पॉटला जोडलेल्या यंत्राला कळतच नाही की हा मोबाईल डेटा आहे, त्याला वाटतं वायफाय मिळालं, आणि वायफायवर जे जे करायचं म्हणून राखून ठेवलेलं असतं ते सगळं ते सुरू करतं. अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटला अँड्रॉइड टॅब जोडला तर तो बहुतेक वेळा ओळखतो आणि हात आखडता घेतो. विंडोजचा लॅपटॉप ओळखेलच असं नाही. टीव्हीवर तर भरवसाच ठेवू नका, टीव्हीला फक्त मोठा पडदा दिसतो आणि तो त्या पडद्याला शोभेल असं सगळ्यात भारी चित्र मागवतो.

हिशोब करा. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. २६ जीबी म्हणजे एचडीचे जेमतेम नऊ तास. एक टी-ट्वेंटी मॅच आधीच्या आणि नंतरच्या बडबडीसकट चार तासांची. तीन मॅच बघितल्या की २६ जीबी पार. त्यात बाबांचं काहीच चुकलं नाही, त्यांच्या दृष्टीने टीव्ही लावला आणि टीव्ही बघितला.

हे तपासायचं कसं: बाबांच्या फोनमध्ये सेटिंग्समध्ये डेटा यूसेज उघडा, वरती महिना बदलता येतो, मागचं सायकल, म्हणजे मागचा महिना, निवडा. खाली ॲपची यादी येते. त्यात "हॉटस्पॉट आणि टेदरिंग" अशी वेगळी ओळ असते. माझी पैज आहे की तीच ओळ सगळ्यात वर असेल.

मग उपाय. एक, त्याच ठिकाणी बिलिंग सायकल सेट करा. फोनमध्ये ते १ तारखेपासून धरलेलं असतं, बाबांचं बिल १ तारखेला बनतं का ते बघा, बऱ्याच जणांचं १२ किंवा १७ अशा कुठल्यातरी तारखेला बनतं आणि मग फोन दाखवतो ३० जीबी आणि कंपनी म्हणते ५५ आणि दोघंही बरोबर असतात. तारीख जुळवली की ४० जीबीला वॉर्निंग आणि ४८ ला लिमिट लावा. लिमिटला पोचलं की फोन स्वतःच मोबाईल डेटा बंद करतो. पूर्ण ५० ला लावू नका, फोनची मोजणी आणि कंपनीची मोजणी थोडी मागेपुढे असते. आयफोन असेल तर त्यात असं लिमिट नसतं, लो डेटा मोड आहे पण तो नुसता कमी वापरतो, थांबवत नाही.

दोन, टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये चालू व्हिडिओच्या सेटिंगमधून क्वालिटी ४८० करून ठेवा, मात्र काही टीव्ही पुढच्या व्हिडिओला परत ऑटोवर जातात, त्यामुळे यावर विसंबू नका. काही फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच डेटा लिमिट असतं, एकदा चालू केल्यावर १ जीबी झाला की हॉटस्पॉट बंद. ते असेल तर सोन्याहून पिवळं, लगेच लावा. आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड बदला. टीव्हीने जुना लक्षात ठेवलेला असतो, पुढच्या वेळी हॉटस्पॉट चालू केला की न विचारता येऊन चिकटतो.

लॅपटॉप जोडत असतील तर विंडोजमध्ये त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. अपडेट, क्लाउडवरची फोटोची सिंक वगैरे बरंचसं थांबतं. आमच्याकडे एकाने ऐरोली ते ठाणे एवढ्या लोकलच्या प्रवासात विंडोजचा मोठा अपडेट हॉटस्पॉटवर उतरवला होता, तोही त्याला न कळता.

---

खारेगाव_नाका

वर सगळं ठीक पण मला एक सांगा, अनलिमिटेड ५जी असताना कोटा संपतोच कसा? माझ्याकडे रोज २ जीबीचा प्रीपेड आहे, ५जी अनलिमिटेड लिहिलंय आणि तरी संध्याकाळी डेटा संपल्याचा मेसेज येतो.

---

ट्रान्सहार्बर

कारण अनलिमिटेड फक्त ५जी वर असताना. फोन ४जी वर घसरला की तो वापर रोजच्या कोट्यातून जातो. आणि फोन दिवसभर घसरतच असतो. कळवा-मुंब्रा दरम्यान बघा, लिफ्टमध्ये बघा, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये बघा. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये तर खिडकीजवळ ५जी आणि आतल्या बेडरूममध्ये ४जीची एक काडी, माझ्या सासुरवाडीला हेच आहे. व्हिडिओ मध्येच थांबत नाही म्हणून आपल्याला बदल कळत नाही.

अजून एक, जुलै २०२४ मध्ये जे दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेल दोघांनीही अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी किंवा त्याच्या वरच्या प्लॅनला ठेवलं. दीड जीबीचा स्वस्त प्लॅन घेऊन "मला ५जी का मिळत नाही" म्हणणारे खूप आहेत. घेताना प्लॅनच्या नावाखालची बारीक ओळ वाचा.

---

मिरचीवडा

आणि २८ दिवसांचा महिना हा तर वेगळाच विनोद. वर्षाला १२ नाही १३ रिचार्ज. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं म्हणून आता प्रत्येक कंपनीकडे निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा प्लॅन असतो. शोधून दाखवा म्हणजे तुम्हाला मिसळ माझ्याकडून. मामलेदारची, आणि तिखटच घ्यावी लागेल.

---

बेलापूरचा_किल्ला

थोडं वेगळं सुचवतो. बाबांच्या घरी ब्रॉडबँड आहे, बाहेर ते मोबाईल डेटा फारसा वापरत नाहीत, मग त्यांना ५० जीबी पाहिजेतच कशाला? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला, एक तरी प्लॅन द्यायचा, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ पासून ते आलेत. माझ्या आईला तोच घेतलाय. घरी वायफायवर सगळं चालतं, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल, सगळं. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला डेटा लागतच नाही. बाहेर पडली की फोन म्हणजे फोन.

तोटा असा की रिक्षा बुक करणं, भाजीवाल्याला यूपीआय, हे बाहेर होत नाही. आई पर्समध्ये सुटे ठेवते, तिला काही फरक पडत नाही. बाबा यूपीआय वापरत असतील तर हे नको. आणि त्या प्लॅनवर वरून डेटा व्हाउचर चालतं का ते घ्यायच्या आधी विचारून घ्या, सगळीकडे सारखं नसतं.

---

पामबीच_सायकलवाला

माझ्या मते कोपरखैरण्यात एकट्या राहणाऱ्या माणसाला बाहेर डेटा हवाच. लोकेशन शेअर करता येतं, काही झालं तर मुलीला कळतं. तीसेक रुपये वाचवायला ते घालवू नका.

---

बेलापूरचा_किल्ला

हा मुद्दा मान्य, मी तसा विचार केला नव्हता.

---

घोडबंदरची

ट्रान्सहार्बर दादा, पैज जिंकलात. हॉटस्पॉटची ओळ सगळ्यात वर, ५८ जीबी! व्हॉट्सॲप बिचारं ४ जीबीवर. समोरच्या घरातल्या मुलाने टीव्ही जोडून दिला होता, बाबांनी त्याला लाडू पण दिले म्हणे. टीव्ही फोर-के आहे, दिवाळीत आम्हीच घेऊन दिलेला. केबल दुरुस्त झाल्यावरही टीव्ही हॉटस्पॉटवरच चालू होता अजून काही दिवस, कारण कोणी परत बदललाच नाही.

यूपीआय बाबा वापरतात, सकाळचं दूध आणि संध्याकाळची भाजी त्यावरच, त्यामुळे डेटा नसलेला प्लॅन बाद. आत्ता तरी फोनमध्ये बिलाची तारीख जुळवून ४० ला वॉर्निंग आणि ४८ ला लिमिट लावलंय, हॉटस्पॉटचा पासवर्ड बदललाय, टीव्हीमधून ते नाव विसरायला लावलंय. ६९९ च्या प्लॅनला नाही सांगितलं.

पण माझा कल आता प्रीपेडकडे झुकतोय, कारण त्यांना ५० जीबी लागतच नाहीत आणि मी कायम तिथे जाऊन सेटिंग बघू शकत नाही. बाबांचा प्रश्न तेवढा सोडवा: वर्षाचा रिचार्ज संपला आणि विसरलो तर नंबर जातो का? आणि त्याच कंपनीत पोस्टपेडचं प्रीपेड करायला गॅलरीत जावं लागतं का, त्यांचे गुडघे दुखतात.

---

निवृत्त_जेटीओ

नंबर लगेच जात नाही. ९० दिवस त्या नंबरवर काहीच वापर नसेल, कॉल नाही, मेसेज नाही, डेटा नाही, तरच तो बंद करता येतो, आणि प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते २० कापून अजून ३० दिवस वाढतात. पण नंबर जिवंत असणं आणि ओटीपी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत संपली की आउटगोइंग आधी जातं, मग काही दिवसांनी इनकमिंग, आणि बँकेचा मेसेज त्याच्याबरोबर. तेव्हा बाबांची भीती अगदीच चुकीची नाही. रिचार्ज तुमच्या स्वतःच्या फोनवरून करा आणि रिमाइंडर तुमच्या कॅलेंडरला लावा, त्यांच्या नाही.

बदलायला गॅलरीत जायची गरज बहुतेक पडणार नाही. २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने प्रीपेड-पोस्टपेड बदल ओटीपीवर करायला परवानगी दिली, ॲपवरून होतं, सिम तेच राहतं. एकदा बदललं की लगेच उलटं परत फिरता येत नाही, मध्ये मुदत असते, म्हणून बाबांना नीट समजावून मगच करा. बिलाची तारीख बघून सायकल संपतानाच बदला, नाहीतर मोडक्या महिन्याचा हिशोब डोक्याला ताप. पोस्टपेड घेताना डिपॉझिट भरलं होतं का ते आठवा, भरलं असेल तर शेवटच्या बिलात वळतं करून मागा. आणि बँकेतल्या ऑटोपेचा मँडेट रद्द करायला विसरू नका.

रिफंडच्या डॉकेटचं उत्तर समाधानकारक आलं नाही तर त्याच कंपनीच्या अपेलेट ॲथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याला फी नाही. ट्राय वैयक्तिक तक्रार घेत नाही, तिकडे मेल करण्यात वेळ घालवू नका. तेही झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. ग्राहक आयोगाचा रस्ता पण उघडा आहे, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने मोबाईल कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं हे स्पष्ट केलंय, पण ५० रुपयांसाठी तिथपर्यंत जायची वेळ येत नाही, अपीलाचं नाव काढलं की बहुतेक वेळा पैसे येतात.

---

खारेगाव_नाका

काका एक माझा पण. माझा नंबर नाशिकचा आहे, दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचाय. ठाण्यात राहतोय म्हणजे महाराष्ट्रातच आहे ना, मग तीन दिवसांत होईल?

---

निवृत्त_जेटीओ

नाही. ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे सगळं टेलिकॉमच्या हिशोबात मुंबई सर्कलमध्ये, म्हणजे मुंबईच्या सेवा विभागात, येतं. नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. नंबर नाशिकचाच ठेवून तिथल्याच सर्कलमध्ये कंपनी बदलली तर तीन कामाचे दिवस, इथे मुंबई सर्कलमध्ये आणायचा तर पाच. पोर्ट लिहून, जागा सोडून दहा आकडी नंबर, १९०० ला एसएमएस. कोड येतो तो चार दिवस चालतो. सिम हरवून किंवा खराब होऊन नुकतंच नवीन घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागेल, जुलै २०२४ पासूनचा नियम. पोर्ट करायच्या आधी कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेजचा नकाशा बघा, आता तो सगळ्यांना टाकावा लागतो. नकाशावर हिरवं दिसलं तरी एकदा शेजाऱ्याच्या फोनवर घरात आत उभं राहून बघा.

---

घोडबंदरची

खूप आभार सगळ्यांचे. ५० रुपये आणि त्यावरचे ९ जीएसटी पुढच्या बिलात वजा करू असा मेसेज आलाय, अपीलाचं नाव काढायची पण गरज पडली नाही. बिल १४ तारखेला बनतं, त्यामुळे १३ ला प्रीपेडची रिक्वेस्ट टाकतेय. बाबा म्हणतायत रोजचा कोटा नको, एकगठ्ठावालाच बघ. आत्ता ॲपमध्ये स्क्रोल करतेय, पामबीच म्हणतात तसं खरंच फार खाली आहे.

---

मिरचीवडा

३० दिवसांचा सापडला तर स्क्रीनशॉट टाका. मिसळ फिक्स.